साडूच्या जीपचा टायमिंग गिअर

अवधूत धर्माधिकारीच्या पोटात त्या रविवारी जे दुखायला लागलं, त्यावर ओवा चालला नाही की सोडा चालला नाही. चालणार कसा? दुखणं पोटात होतं, पण कारण खाली पार्किंगमध्ये उभं होतं. हिरवंगार, उघडंबोडकं, दोन गोल डोळ्यांचं, आणि सावेडीतली अख्खी सोसायटी त्याला मुंगळ्यासारखी चिकटलेली. साडूची जीप.

आता बघा, भावाचं बरं झालेलं माणूस सहन करतं. शेजाऱ्याचं बरं झालेलं दातओठ खाऊन का होईना, सहन करतं. पण साडूचं बरं झालेलं सहन करायला संतच पाहिजे. आणि कुठल्याही संताच्या साडूबद्दल कुठं काही लिहिलेलं सापडत नाही, ह्यातच काय ते समजा.

नृसिंह हा अवधूतचा साडू. म्हणजे अवधूतच्या बायकोची, अंबिकाची, धाकटी बहीण ईरा, तिचा नवरा. सोनईला ह्याचं बी-बियाणांचं दुकान. घराणं भिक्षुकीचं, पण दिवसभर शेतकऱ्यांशी बोलून बोलून भाषा पार सोनईची झालेली. ह्या पठ्ठ्यानं मिलिटरीच्या डिस्पोजलमधनं निघालेली जुनी पेट्रोल जीप कुठनं तरी मिळवली, रंगवली आणि दाखवायला थेट नगरला आणली. थेट म्हणजे अवधूतच्याच दारात. नगरात दुसरी दारं नव्हती काय?

"ह्याला दारं कुठंयत?" अवधूतनं पहिला दगड मारून बघितला.

"साडूभाऊ, आमच्या शेजारच्या शिंगणापुरात घरांना न्हाईत, मग गाडीला कशाला लागत्यात?" नृसिंह म्हणाला, आणि सगळी सोसायटी हसली. सेक्रेटरी सुनील तर इतका हसला की त्याला बसायला लागलं. बसला ते जीपमध्येच.

अवधूतचीही गाडी होती बरं का. पांढरी, छोटी, एसीवाली. दर रविवारी धुतलेली, वर कव्हर घातलेली, आत देवाचा फोटो, सीटला अजून प्लॅस्टिक. पण तिच्याबरोबर आजतागायत कुणी फोटो काढला नव्हता. एकदा एकानं काढला होता, तो विम्याचा सर्व्हेअर होता.

हे सगळं अवधूतनं गिळलं असतं. पण तेवढ्यात ईरानं राजूरला व्हिडिओ कॉल लावला आणि जीप नानांना दाखवली.

नाना म्हणजे दोघांचे सासरे. राजूरच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण, म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी पुढच्याच रविवारी सत्कार ठरवलेला. चौकातनं शाळेपर्यंत मिरवणूक, मग भाषणं. त्यात यंदा अधिक महिना, म्हणून त्याच रविवारी दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवणही. आणि महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं की मिरवणुकीत नाना थोरल्या जावयाच्या गाडीत बसणार. थोरला म्हणजे अवधूत. त्यानं त्यासाठी नवे सीट कव्हरही आणले होते, प्लॅस्टिकवरनं घालायला.

फोनवर नानांचा चेहरा जवळ आला, लांब गेला, परत जवळ आला.

"नृसिंहराव! अहो, ही तर उघडी जीप! ह्यातनं माणूस उभं राहून नमस्कार करू शकतं!"

"तर हो नाना! तुमच्यासाठीच आनलीय."

"मग ठरलं. मी ह्यातच बसणार." आणि मग, जसं काही आठवलं म्हणून, "अवधूतराव, तुम्ही मागनं या. पाण्याच्या बाटल्या तुमच्या गाडीत ठेवू."

पाण्याच्या बाटल्या. थोरला जावई, सरकारी कचेरीतला हेडक्लार्क, ज्याच्या सहीशिवाय एक कागद इकडचा तिकडं होत नाही, तो पाण्याच्या बाटल्या घेऊन मागनं.

त्या क्षणी नृसिंहनं जीप चालू केली, आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला, पंख्याच्या मागं कुठं तरी, अवधूतला एक बारीक आवाज आला. टिक-टिक-खर्र. तो आवाज खरंच होता की पोटातनं आला होता, हे देवाला माहीत. पण अवधूतच्या चेहऱ्यावर दोन तासांनंतर पहिल्यांदा रक्त आलं.

"नृसिंहराव," तो म्हणाला, "आवाज बरा नाही हो."

संध्याकाळपर्यंत त्यानं मोबाईलवर जुन्या जीपचे एवढे व्हिडिओ बघितले की अंबिकाला वाटलं हा नोकरी सोडतोय. त्यातनं त्याला कळलं ते असं. इंजिनात दोन दातेरी चाकं असतात. खालचं लोखंडी, त्याच्याबरोबर इंजिन फिरतं. वरचं फायबरचं, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या कापडाचं, त्याच्यावर व्हॉल्व्ह कधी उघडायचे, कधी मिटायचे हे ठरतं. खालच्यानं दोन फेरे मारायचे, वरच्यानं एक. दोघांनी एकमेकांचा दात धरून चालायचं. वरच्याचे दात झिजले की ताळमेळ गेला, आणि तुटले की गाडी जिथं असेल तिथं मेली. ह्याला म्हणतात टायमिंग गिअर.

"टायमिंग गिअर गेलाय," अवधूतनं रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं.

"कुणाचा?" अंबिका म्हणाली.

तिच्या ह्या प्रश्नाकडं त्यानं दुर्लक्ष केलं. नृसिंहनं मात्र घास खाली ठेवला. त्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि साडूभाऊ शिकलेले, तेव्हा म्हणतात तर असेल. "मंग आता?" तो म्हणाला. "नानांना बसवायचं हाय त्यात."

"तेच म्हणतोय मी. घाटात गेला तर? विठा घाट चढायचाय." अवधूतनं आवाजात एवढी काळजी घातली की त्याला स्वतःलाच गहिवरून आलं. "राहू दे जीप इथं. तपासू. उगाच नानांच्या जिवाशी खेळ नको."

जीप राहिली. नृसिंह आणि ईरा एसटीनं सोनईला गेले. अवधूतला वाटलं, झालं काम. पण मंडळी, इथनं पुढंच खरी गंमत.

पहिली गोष्ट, जीप उघडी. वळवाचं आभाळ. मग ती शेडखाली लावायला लागली, आणि शेडखाली अवधूतची जागा. त्याची पांढरी गाडी बाहेर जांभळाच्या झाडाखाली गेली. जांभळाचा हंगाम. त्यावर पाखरं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर जांभळे ठिपके असे पडले होते की सुनील म्हणाला, "धर्माधिकारी, डिझाईन मस्त केलंय हो!"

दुसरी गोष्ट, सल्ले. सोसायटीत ज्यांना स्वतःच्या मिक्सरचं भांडं बसवता येत नाही, त्यांनाही टायमिंग गिअरबद्दल मत होतं. एक म्हणाले चेन असते, गिअर नसतोच. एक म्हणाले तेल बदला. एक आजी म्हणाल्या मिरची-लिंबू बांधा, नजर लागलीय. हे ऐकून अवधूतनं मान खाली घातली. आजींचं निदान सगळ्यात जवळचं होतं.

सुनीलनं सल्ला दिला तो घातकी. "मोठा स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. डॉक्टरचा स्टेथोस्कोपच! गिअर खराब असला की कानात सांगतो."

अवधूत कचेरीला निघाला होता, इस्त्रीच्या शर्टात, गळ्यात ओळखपत्र. म्हटलं, दोन मिनिटं ऐकून जाऊ. सुनीलनं जीप चालू केली. अवधूत वाकला, टोक टेकवलं, कान लावला, डोळे मिटले. गिअरनं काही सांगितलं नाही. पण त्या झाकणाच्या बरोब्बर पुढं पंखा असतो, हे सुनीलनं सांगितलं नव्हतं. ओळखपत्राची फीत पंख्यानं खेचली, बरं झालं क्लिप सुटली, नाहीतर थोरले जावईच पंख्यात जायचे. फट-फट-फट असा आवाज झाला आणि अवधूत धर्माधिकारी, हेडक्लार्क, फोटो, शिक्का, साहेबांची सही, हे सगळं चिवड्यासारखं पार्किंगभर उडालं.

कचेरीत नवीन ओळखपत्र मागितलं तर समोर त्याचाच हाताखालचा क्लार्क. त्याला अवधूतनंच शिकवलं होतं की नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, "सर, पोलीस तक्रारीची प्रत लागेल." पोलीस चौकीत हवालदारानं विचारलं, "हरवलं का चोरीला गेलं?"

"पंख्यात गेलं."

"घरच्या?"

"साडूच्या जीपच्या."

हवालदारानं कॉम्प्युटरकडं बघितलं, अवधूतकडं बघितलं, त्याच्या कानावरच्या ऑईलच्या काळ्या गोलाकडं बघितलं. "साहेब, इथं दोनच गोष्टी हायत. हरवलं न्हाईतर चोरलं. पंख्यात गेलं असं न्हाई."

शेवटी 'हरवलं' लिहिलं. 'कुठं?' ह्याच्या पुढं 'इंजिनात' लिहू दिलं नाही.

एवढी अब्रू गेल्यावर आता मागं हटणं शक्य नव्हतं. अवधूतनं रशीदभाईंना बोलावलं. रशीदभाई म्हणजे नगरातले जुन्या गाड्यांचे मिस्त्री. माणूस मोठा बढाईखोर. त्यांच्या म्हणण्यानुसार नगरच्या मिलिटरीचा निम्मा रणगाडा विभाग त्यांच्या सल्ल्यावर चालायचा, उरलेला निम्मा त्यांच्या वडलांच्या. वय झालेलं, जवळचं दिसत नव्हतं, पण चष्मा लावायचे नाहीत. "रशीद इंजिन हातानं वाचतो," म्हणायचे.

त्यांना अवधूतनं बाजूला घेऊन आधीच पढवून ठेवलं. "रशीदभाई, गिअर गेलाय. तुम्ही फक्त तसं म्हणा."

"अरे साहेब, रशीद झूठ बोलत न्हाई. आधी बघतो, मंग म्हनतो."

त्यांनी जीपचं बॉनेट उघडलं आणि 'वाह!' म्हणून तिच्या मडगार्डला असा हात लावला, जसा लेकीच्या डोक्याला लावतात. अवधूतच्या पोटात परत कळ आली. नृसिंहही त्या दिवशी सोनईहून आला होता. रशीदभाईंनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. आत एक छोटा फिरता तुकडा असतो, त्याला रोटर म्हणतात. तो वरच्या गिअरच्या जिवावर फिरतो.

"हे बघा," रशीदभाई म्हणाले, "साहेब, तुमी पुढनं हँडल मारा. हळू, थोडं उजवीकडं, थोडं डावीकडं. शेठ, तुमी रोटर बघा. हँडलबरोबर रोटर हालला तर गिअर चांगला. हँडल फिरतंय अन् रोटर झोपलाय, तर दात झिजलेत. सीधी बात."

हेडक्लार्क हँडलवर वाकले. थोडं उजवीकडं.

"हालला का?"

"न्हाई," नृसिंह म्हणाला.

आणखी थोडं.

"आता?"

"न्हाई ओ. ढिम्म हाय."

आणखी बरंच. मग खट करून रोटर दचकला. डावीकडं उलटं फिरवलं तर परत तेच, हँडल अर्ध्या वाटेवर, रोटर साखरझोपेत.

"गेलाय," रशीदभाई म्हणाले. "दात झिजून सुपारी झाल्यात. झाकन उघडावं लागंल."

अवधूत हँडल धरून तसाच वाकून राहिला. कारण त्याला हसू आवरेना, आणि वर बघितलं असतं तर दिसलं असतं. गिअर खरंच गेला होता! आपण पोटदुखीनं फेकलेला दगड बरोब्बर आंब्याला लागला होता! दोन-तीन श्वास घेऊन, मयताला जाताना करतात तसा चेहरा करून तो उठला.

"नृसिंहराव, वाईट वाटतंय हो मला," तो म्हणाला.

झाकण उघडलं. रेडिएटर निघाला, पंखा निघाला, पुढचं पत्र्याचं झाकण निघालं, आणि फायबरचा गिअर हातात आला. दात असे झिजलेले, जसे उसाला वर्षानुवर्षं लावलेले. त्याच दिवशी अवधूतनं नवे सीट कव्हर चढवले.

पण नियती म्हणून एक बाई असते, आणि ती बहुतेक साडूच्या बाजूची असते. संध्याकाळी राजूरहून फोन.

"अवधूतराव," नाना म्हणाले, "मला नृसिंहरावांनी सगळं सांगितलं. हा गिअर घाटात तुटला असता तर काय झालं असतं? तुम्ही नुसत्या आवाजावरनं ओळखलंत! जावई असावा तर असा."

अवधूत फुलला. आयुष्यात पहिल्यांदा नाना असं बोलले होते. पंचाईत ही की पुढचं वाक्यही तेच बोलले.

"आता नवा गिअर तुम्हीच शोधा. तुमच्याशिवाय कुणाला कळणार? रविवारच्या आत बसला पाहिजे. मी तुमच्यावर सोडतोय."

झालं! ज्याला मारायला निघाला, त्याच्याच तोंडात पाणी घालायची पाळी आली. आता शोधायला तर हवा, पण सापडायला नको. हे काम सरकारी नोकराला अवघड नसतं. अवधूतनं नीट विचार करून, जिथं गिअर मिळायची सुतराम शक्यता नाही, अशाच ठिकाणी चौकशी केली. स्टेशनरीच्या दुकानात विचारलं. होमिओपॅथीच्या डॉक्टरला विचारलं. सकाळच्या योगवर्गाच्या ग्रुपवर टाकलं, 'जुन्या जीपचा टायमिंग गिअर कुणाकडे असल्यास कळवावे.' त्या ग्रुपवर कुणी वारलं तरी लोक नुसते हात जोडतात. त्याला वाटलं, हात जोडतील आणि विषय संपेल.

पण नगरचे लोक मदतीला दांडगे. दुसऱ्या दिवसापासून दारात गिअर यायला लागले. एकानं बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं चाक आणलं. एकानं रसवंतीचा गिअर आणला, ताज्या मुंग्यांसकट. एका बाईंनी भिंतीवरचं घड्याळच खोलून आणलं. "टायमिंगचाच गिअर आहे ना?" म्हणाल्या. अंबिकानं सगळे गिअर जिन्यात ओळीनं मांडून ठेवले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली, "ह्यांनी प्रदर्शन भरवलंय."

शनिवार उजाडला तरी खरा गिअर नव्हता. अवधूतनं गाडीचे जांभळे ठिपके खरवडून काढायचा प्रयत्न केला. ते फिक्के झाले, पण गेले नाहीत. तरी तो शीळ घालत होता. दुपारी सगळे जण पार्किंगमध्येच. नृसिंह आणि ईरा सकाळीच आलेले, नृसिंह उघड्या जीपपाशी सुतकात बसलेला, रशीदभाई चहा पीत. तेवढ्यात अवधूतचा फोन वाजला. योगवर्गातले एक काका, जे वर्गात फक्त शवासन करतात, ते आज पहिल्यांदाच जागे झाले होते. त्यांच्या ओळखीतले परवेझ, केडगावला जुन्या मिलिटरी सामानाचं गोडाऊन. गिअर आहे. नवाकोरा, खोक्यातला. काकांनी परवेझलाच फोनवर घेतलं, आणि सुनीलनं स्पीकर चालू केला.

अवधूतच्या हातातनं फोन पडता पडता राहिला. पण बुडत्याला काडी सापडते. त्याला काडी सापडली.

"नृसिंहराव," तो हळूच म्हणाला, "आज शनिवार आहे हो."

नृसिंहचा चेहरा उतरला. शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही, हे अख्ख्या मुलुखाला माहीत. आणि हा तर सोनईचा! शनिमहाराजांच्या शेजारचा माणूस!

"खरं हाय, साडूभाऊ," तो म्हणाला. "शनवारी लोखंड मी घ्यायचो न्हाई. देवाशी वाकडं न्हाई घ्यायचं."

"मी तरी दुसरं काय म्हणतो?" अवधूत एकदम भाविक झाला. "देवापुढं गिअर म्हणजे काय?"

स्पीकरवरनं परवेझचा आवाज आला. "ओ शेठ, लोखंड कोन म्हनलं? वरचा गिअर फायबरचा ऱ्हातो. कापडाचा. शनवारी कापड घेत न्हाई का तुमी?"

नृसिंहचा चेहरा उजळला. अवधूतचा काळवंडला.

"मधे बुश असतो!" तो ओरडला. "मधला बुश लोखंडी असतो! मी व्हिडिओत बघितलंय!"

माणसाचा एवढा अभ्यास बघून रशीदभाईंनीसुद्धा कप खाली ठेवला. कापडात बसवलेलं लोखंड हे लोखंड की कापड, ह्यावर बराच खल झाला. सुनील म्हणाला, पँटला बटण असतं, म्हणून आपण शनिवारी पँट घेत नाही काय? आजी म्हणाल्या, बटण वेगळं, बुश वेगळं. शेवटी निवाड्यासाठी नानांना फोन.

नानांनी शांतपणे सगळं ऐकलं. "नृसिंहराव, तुमची रास मीन. साडेसाती चालू आहे. तुम्ही हातसुद्धा लावू नका. अवधूतराव, तुमची रास?"

"तूळ," अवधूत म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की मेलो.

"तूळ! तुळेत तर शनी उच्चीचा. तुम्हाला काही बाधत नाही. तुम्ही जा आणि घेऊन या."

ज्या गिअरनं आपला घात होणार, तो थोरल्या जावयानं स्वतःच्या गाडीतनं, स्वतःच्या हातानं, नव्या सीट कव्हरवर ठेवून आणला. ग्रहसुद्धा साडूलाच सामील.

संध्याकाळी रशीदभाईंनी गिअर बसवायला घेतला. आता ह्यात एक मेख असते. दोन्ही गिअरवर एकेक बारीक खूण असते. त्या दोन खुणा बरोब्बर समोरासमोर आणून दात अडकवायचे. एक दात जरी इकडचा तिकडं झाला, तरी इंजिन चालतं, पण दम्याच्या रोग्यासारखं.

रशीदभाईंनी हातानं चाचपून गिअर बसवला. "साहेब, मोबाईलचा लाईट मारा. खुना समोरासमोर आल्या का बघा. मला म्हाईती हाय आल्यात. पण तुमी बघा."

अवधूतनं लाईट मारला. खाली वाकला. खुणा समोरासमोर नव्हत्या. खालची इथं, वरची एक दात पलीकडं.

नृसिंह आणि ईरा मागं उभे. अंबिका चहाचा ट्रे घेऊन आलेली. जांभळाखाली पांढरी गाडी, ठिपक्यांची, नव्या कव्हरांची, कुणी न बसलेली. अवधूतच्या डोळ्यापुढं नाना त्या गाडीत बसले, काच खाली केली, हात बाहेर काढला...

"आल्या का न्हाई, साहेब?"

"आल्या," अवधूत म्हणाला.

अंबिकानं एकदम मान वर केली. हा 'आल्या' तिला माहीत होता. 'दळण टाकलं का?' ह्यावर जो 'टाकलं' यायचा, त्याचाच हा सख्खा भाऊ. तिनं सगळ्यांना चहा दिला आणि अवधूतचा कप ट्रेमध्येच परत नेला.

जीप चालू झाली. फुट्-फुस्स, फुट्-फुस्स. "नवीन दात हायत," रशीदभाई म्हणाले. "चावायला शिकू द्या."

रविवारी सकाळी दोन्ही गाड्या निघाल्या. पुढं जीप, तिच्यात नृसिंह आणि ईरा. मागं अवधूत आणि अंबिका, आणि पाण्याच्या बाटल्या. संगमनेरपर्यंत सायकलवाले जीपला मागं टाकत होते. अकोल्यापर्यंत तिच्यातनं दोनदा फाट्कन बार उडाला. अवधूत गुणगुणायला लागला.

"फार आनंदात आहात," अंबिका म्हणाली.

"हवा छान आहे."

विठा घाटात जीप तीनदा थांबली, नृसिंहनं पाणी ओतलं, हात जोडले, ती परत निघाली. मेली मात्र नाही. प्रत्येक वळणावर अवधूत म्हणायचा, आता गेली, आता गेली. आणि ती रांगत, खोकत, कण्हत राजूरच्या चौकात जाऊन पोचली.

चौकात हलगी, गर्दी, गुलाल. नाना फेटा बांधून उभे. अवधूतनं चपळाईनं गाडी पुढं घातली, दार उघडलं.

"नाना, या. आत गार करून ठेवलंय."

"छान केलंत. बाटल्या गार राहतील," असं म्हणून नाना जीपमध्ये चढले. हार पडले. नृसिंहनं गिअर टाकला. जीप दहा-बारा पावलं गेली. फाट्! बार उडाला. "फटाके कशाला आणलेत रे?" नाना कौतुकानं म्हणाले. मग जीपनं एक मोठा उसासा सोडला आणि भर चौकात प्राण सोडला. हलगी थांबली.

हाच तो क्षण! अवधूत खाली उतरला, सदरा नीट केला, गर्दीतनं पुढं झाला. चेहऱ्यावर सुतक, मनात लाडू.

"नाना, ही काही आता जात नाही. उतरा. माझी गाडी आहे ना."

नानांनी त्याच्याकडं वर्गात उशिरा आलेल्या पोराकडं बघावं तसं बघितलं.

"अवधूतराव, मी खुर्चीत एकदा बसलो की तास संपल्याशिवाय उठलो नाही. हार पडलेत. आता उतरणं बरं दिसत नाही."

"सर, ढकलू का?" चार-पाच जण पुढं झाले. पण पुढं शाळेपर्यंत सगळा चढ. तेव्हा नानांचा जुना विद्यार्थी गोरक्षनाथ, जो आता ट्रॅक्टर चालवायचा, त्यानं डोकं चालवलं. "सर, दोर हाय माझ्याकडं. ती पुढची ठिपक्याची गाडी कुनाची हाय? बांधा तिला!"

"आमच्या साडूभाऊंची!" नृसिंह आनंदानं ओरडला. "साडूभाऊ, लई उपकार होतील!"

नाही म्हणायला वाव होता? अख्खं राजूर बघत होतं. दोराचं एक टोक जीपला, दुसरं पांढऱ्या गाडीच्या मागं. हलगी सुरू झाली. अवधूतनं पहिला गिअर टाकला, क्लच अर्धा सोडला, आणि मिरवणूक निघाली.

मागं जीपमध्ये नाना उभे राहून दोन्ही हातांनी नमस्कार करत होते. नृसिंह स्टिअरिंग धरून असा बसला होता, जसा काही रथच हाकतोय. लोक माडीवरनं फुलं टाकत होते, बायका ओवाळत होत्या, आणि सगळे पांढऱ्या गाडीवरनं पलीकडं बघत होते. गाडीत क्लचचा जळका वास भरला. काच खाली केली तर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या दगडाबाई नावाच्या म्हातारीचा आवाज आत आला.

"पुढं कोन हाय गं त्यो?"

"क्रेनवाला आसंल," शेजारच्या मुक्ताबाई म्हणाल्या.

एक झेंडूचं फूल नेम चुकून अवधूतच्या काचेवर पडलं. त्यानं वायपर लावला. अंबिका खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती एवढं नक्की.

दुपारी धोंड्याचं जेवण झालं. दोन्ही जावयांना सारखं ताट, सारखं वाण. नानांनी अवधूतला आग्रह करून पुरणाचे धोंडे वाढले. "तुम्ही नसता तर मिरवणूक चौकातच संपली असती," म्हणाले. मग हुकूम सुटला. जीप आता राजूरलाच राहील, आणि दर रविवारी अवधूतराव येऊन तिचा ताळमेळ बघतील. एवढं ज्ञान दुसऱ्या कुणाला आहे?

मंगळवारी सकाळी सुनील पेपर घेऊन वर आला. आतल्या पानावर फोटो होता, चांगला मोठा. मध्ये नाना, गळ्यापर्यंत हार. स्टिअरिंगवर नृसिंह, दात काढून. खाली लिहिलं होतं, 'जीपचे सारथ्य धाकटे जावई नृसिंह यांनी केले.' जीपच्या पुढनं एक जाड दोर निघाला होता, ताणलेला, तो फोटोच्या कडेपर्यंत गेला होता, आणि तिथं फोटो संपला होता.

अवधूतनं पेपर उलटा करून बघितला. मागच्या बाजूला सिमेंटची जाहिरात होती.

अंबिकानं त्याच्या हातातनं पेपर घेतला, चष्मा लावला, उजेडात धरून नीट बघितलं.

"दोर मात्र काय सुरेख आलाय हो," ती म्हणाली.